भरतीची जाहिरात निघते, बाकी कामांचं काय?

मराठवाड्यात करिअर मार्गदर्शनाचा दुष्काळ आहे असं कुणाला वाटत असेल, तर त्याने जूनमध्ये लातूरच्या उद्योग भवन परिसरात एक चक्कर मारावी. ट्युशन एरिया म्हणतात तो हाच. विजेचा एक खांब रिकामा सापडायचा नाही. फ्लेक्सवर ओळीने पासपोर्ट फोटो, फोटोखाली गुण, गुणांखाली मेडिकल कॉलेजचं नाव. सेमिनार फुकट, समुपदेशन फुकट, पालकांना चहाही मिळतो. नांदेडला श्यामनगर-भाग्यनगरकडे वळलात तरी हेच. दहावीचा निकाल लागला की किनवटपासून निलंग्यापर्यंतचे पालक पोरगं घेऊन इथं येतात, रूम बघतात, मेस लावतात आणि बियाण्याला ठेवलेले पैसे पहिल्या हप्त्यात भरून गावाकडे परततात.

त्याच महिन्यात मुखेड, देगलूर, अहमदपूर, औसा अशा तालुक्याच्या महाविद्यालयांत बीए-बीकॉमचे प्रवेश चालू असतात. खिडकीआडचा कारकून विचारतो, "विषय कोणते लिहू?" पोरगं मागे वळून मित्राकडे बघतं. मित्राने इतिहास आणि राज्यशास्त्र घेतलेलं असतं, तेच अर्जावर चढतं. पुढच्या तीन-चार वर्षांचा निर्णय अर्ध्या मिनिटात उरकतो. मागे रांग असते, कारकुनालाही घाई असते, आणि त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

या लेखाचा विषय ही दुसरी खिडकी आहे. देशात पदवीला बसलेल्या दर तीन मुलांपैकी जवळजवळ एक बीएचा असतो. नांदेड-लातूरकडे मार्गदर्शनाची बाजारपेठ केवढी तरी मोठी आहे, पण ती दहावी ते बारावी सायन्स एवढ्या दोन-तीन वर्षांत सुरू होऊन संपते. त्यापुढच्या मुलांना कोण काय सांगतं, याचा हा आढावा.

आधी पहिल्या खिडकीचं, म्हणजे सायन्सच्या वाटेचं, श्रेय तिला देऊन टाकू. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयात प्राचार्य जनार्दन वाघमारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे उभं केलं, त्याला पुढे 'लातूर पॅटर्न' हे नाव पडलं. त्यात गुपित असं काही नव्हतं. अभ्यासक्रम लवकर संपवायचा, उरलेल्या महिन्यांत सराव परीक्षांवर सराव परीक्षा घ्यायच्या, पेपर तपासून मुलाला समोर बसवायचं आणि गुण कुठे गेले ते दाखवायचं. सुट्टीतही वर्ग. बारावीच्या गुणवत्ता यादीवर मोठ्या शहरांचा हक्क आहे असं सगळे धरून चालले होते. तिथं लातूरची नावं झळकू लागली. दयानंद महाविद्यालय, नांदेडची यशवंत आणि सायन्स ही महाविद्यालयंही त्या चढाओढीत उतरली. कोरडवाहू शेतकऱ्याचं पोरगं यादीत येऊ शकतं हे या भागाला पहिल्यांदा कळलं, आणि ते कमी नव्हतं.

मात्र पॅटर्नने एक गोष्ट धरूनच ठेवली होती: कुठे जायचं ते ठरलेलं आहे. डॉक्टर, नाहीच जमलं तर इंजिनिअर. कसं पोचायचं याचं शास्त्र लातूरने जेवढं बारकाईने बसवलं तेवढं राज्यात क्वचितच कुणी बसवलं असेल, पण कुठे जायचं हा प्रश्न तिथं कुणी फारसा विचारला नाही. पुढे सीईटी आली, गुणवत्ता याद्या बंद झाल्या, मग नीट आली. पॅटर्न महाविद्यालयातून निघून क्लासेसच्या इमारतींत शिरला. वैद्यकीय प्रवेशातलं ७०:३० चं सूत्र मराठवाड्याच्या मुलांना वर्षानुवर्षं टोचत होतं, कारण ७० टक्के जागा त्या त्या विभागातल्या मुलांसाठी आणि आपल्या विभागात मेडिकल कॉलेजंच थोडी. सप्टेंबर २०२० मध्ये ते रद्द झालं, तेव्हा वैद्यकीय शिक्षण खातं लातूरच्याच अमित देशमुखांकडे होतं. शर्यत मोकळी झाली आणि गर्दी आणखी वाढली. २०२४ च्या नीटला देशभरात २३ लाखांहून जास्त मुलं बसली. एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्याही आत. त्याच वर्षी पेपरफुटीच्या तपासात लातूरचं नाव आलं तेव्हा बरेच जण दचकले. एवढी माणसं, एवढे पैसे आणि एवढी आशा एकाच दारात कोंबल्यावर दाराशी दलाल उभा राहणारच.

उरलेली मुलं कुठे जातात? काही रिपीट करतात. एक वर्ष, दोन वर्षं. मग घरचे थकतात आणि पोरगं गावाजवळच्या महाविद्यालयात बीएस्सीला नाव घालतं. इथं त्याला भेटणारी बहुतेक मुलं ट्युशन एरियाकडे कधी फिरकलेलीच नसतात. ही महाविद्यालयं ज्या विद्यापीठाला जोडलेली, त्या नव्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू १९९४ मध्ये वाघमारे सरच झाले. १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, हे विद्यापीठ निघालं आणि आज नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली हे चार जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. म्हणजे गुणवत्ता यादीतल्या मुलांचा पॅटर्न ज्यांनी घडवला, त्यांच्याकडेच यादीबाहेरच्या मुलांचं विद्यापीठ आलं. एवढा सोयीचा योग असूनही दुसऱ्या खिडकीसाठी तसा पॅटर्न काही निघाला नाही.

जगात या खिडकीला स्वतंत्र नाव आहे. अमेरिकेत १९०१ मध्ये जोलिएट इथं पहिलं ज्युनिअर कॉलेज निघालं, त्यातून 'कम्युनिटी कॉलेज' ही जात वाढली: घराजवळचं, कमी फीचं, नोकरी करत शिकता येईल असं दोन वर्षांचं महाविद्यालय. आपल्याकडे ती कल्पना १९९५ मध्ये पुदुच्चेरीला आली आणि २०१३ च्या सुमारास विद्यापीठ अनुदान आयोगाने तिची योजना केली. काही महाविद्यालयांनी वर्षा-दोन वर्षांचे कौशल्य अभ्यासक्रम उघडले. अनुदान येत होतं तोवर ते चालले, नंतर बरेचसे फलकापुरते राहिले. पण फलक बाजूला ठेवला तर मराठवाड्यातलं तालुक्याचं अनुदानित महाविद्यालय हेच खरं कम्युनिटी कॉलेज आहे. साठ-सत्तरच्या दशकांत आणि नंतर गावोगावच्या शिक्षण संस्थांनी ती उघडली. मुलं एसटीने येतात, सोयाबीन काढणीला दांडी मारतात, दुपारी मोबाईलच्या दुकानात बसतात. घरातली पदवीला पोचलेली पहिलीच पिढी. 'आमच्या बाबांच्या ओळखीचे एक वकील आहेत' हे वाक्य या मुलांच्या तोंडी येत नाही, कारण ओळखीत वकील नसतोच. ओळखीत मास्तर असतो, पोलीस असतो, तलाठी असतो आणि पुण्याला कंपनीत असलेला चुलतभाऊ असतो.

या मुलांसाठी आजवर काय काय केलं गेलं?

सगळ्यात जुना उपाय चाचणीचा. बोस्टनमध्ये फ्रँक पार्सन्स या गृहस्थाने १९०८ मध्ये व्यवसाय मार्गदर्शनाचं केंद्र काढलं. त्याचं सूत्र साधं होतं: स्वतःला ओळखा, कामं ओळखा, दोघांचा मेळ घाला. मुंबई सरकारने १९५० च्या सुमारास त्याच धर्तीवर व्यावसायिक मार्गदर्शनाचं केंद्र सुरू केलं, पुण्यात ज्ञानप्रबोधिनीने साठच्या दशकापासून मानसशास्त्रीय चाचण्यांची परंपरा जोपासली. २०१६ मध्ये राज्य मंडळाने श्यामची आई फाउंडेशनबरोबर दहावीच्या सगळ्याच मुलांची कल चाचणी घेतली. कृषी, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, गणवेशधारी सेवा अशा सात क्षेत्रांत मुलाचा कल कुठे ते सांगणारी. काही वर्षं ती चालली आणि मग बंद पडली. उद्देश चांगला होता. पण पार्सन्सच्या सूत्रातला पहिला तुकडाच तिने हाती घेतला. कल ललित कलेकडे आहे असा कागद जळकोटच्या मुलीच्या हातात पडला, तर पुढे तिने काय करावं? त्या कागदावर कॉलेजचा पत्ता नव्हता आणि त्या कामातून पोट भरणारं माणूसही तिच्या बघण्यात नव्हतं.

२०२० मध्ये महाकरिअर पोर्टल आलं. अभ्यासक्रम, महाविद्यालयं, शिष्यवृत्त्या, प्रवेश परीक्षा यांची चिक्कार माहिती त्यात होती. पण माहितीचा तुटवडा हा आज या मुलांचा खरा प्रश्न राहिलेला नाही. हातात मोबाईल आहे, रोजचा डेटा आहे, 'बीए नंतर काय' असं टाकलं की शंभर व्हिडिओ येतात. त्यातला खरा कोणता आणि कोर्स विकणारा कोणता, हे शेजारी बसून सांगणारं कुणी नसतं.

मग महाविद्यालयातला मार्गदर्शन कक्ष. तो कागदोपत्री बहुतेक ठिकाणी असतो, कारण महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या पाचव्या निकषात स्पर्धा परीक्षा आणि करिअर समुपदेशनाचा किती विद्यार्थ्यांना लाभ झाला याचा आकडा द्यावा लागतो. आकडा द्यायचा तर कार्यक्रम हवा आणि कार्यक्रमाला फोटो हवा. त्यामुळे कार्यक्रमाचा साचा ठरून गेला आहे. अकरा वाजता सभागृहात बीए, बीकॉम, बीएस्सीची मुलं एकत्र बसवायची, दीपप्रज्वलन, सत्कार, प्रास्ताविक, मग नुकतीच पोस्ट काढलेला एखादा तरुण अधिकारी 'मी घडलो, तुम्हीही घडा' सांगतो, टाळ्या, आभार, हजेरीच्या कागदावर सह्या. दोनशे सह्या म्हणजे दोनशे लाभार्थी. अलीकडे करिअर कट्ट्यासारख्या राज्यव्यापी उपक्रमातून अधिकाऱ्यांबरोबर उद्योजकही मुलांपुढे येऊ लागले आहेत, तेवढा फरक स्वागतार्ह. पण भाषण ऐकून कुणी व्यवसाय निवडल्याचं उदाहरण मला तरी माहीत नाही. भाषणाने दोन दिवस उमेद येते. तिसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न.

कक्षाचा प्रमुख बहुधा मराठीचा किंवा राज्यशास्त्राचा प्राध्यापक असतो. त्याच्या गळ्यात परीक्षा विभाग, एनएसएस आणि प्रवेश समितीही असते. निम्मे सहकारी सीएचबीवर, तासिका मोजून पैसे घेणारे. स्वतःच्या करिअरचा पत्ता नाही आणि मुलांना काय सांगणार, असं तेच हसून म्हणतात.

या सगळ्यापेक्षा मोठं मार्गदर्शन केंद्र महाविद्यालयाबाहेर आहे. त्याचं नाव अभ्यासिका. तालुक्याच्या गावातही आता दोन-चार अभ्यासिका असतात. महिन्याची फी, स्वतःचं टेबल, पंखा, वायफाय, भिंतीवर चालू घडामोडींची कात्रणं. पहाटे मैदानावर तेच चेहरे. पोलीस भरतीला मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धाव, १०० मीटर, गोळाफेक असे मैदानाचे ५० गुण आणि लेखीचे १०० गुण. थंडीत पाच वाजता स्टॉपवॉच घेऊन एकमेकांची वेळ लावणारी ही पोरं आळशी आहेत असं म्हणण्याची हिंमत पुण्यातल्या कुठल्याही स्तंभलेखकाने करू नये. २०२४ मध्ये झालेल्या पोलीस भरतीत १७,४७१ जागा होत्या आणि अर्ज १७ लाखांच्या वर. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांना दहा लाखांवर अर्ज. हे आकडे मुलांना पाठ असतात. तरीही ती फॉर्म भरतात.

का भरतात, याचं सोपं उत्तर सगळ्यांच्या तोंडी आहे: सरकारी नोकरीचं वेड, लग्नाच्या बाजारातला भाव, सुरक्षितता. यात खोटं काही नाही. पण मला त्याहून मोठं कारण दुसरंच वाटतं. भरतीला जाहिरात असते. पात्रता लिहिलेली असते, अभ्यासक्रम छापलेला असतो, मागचा कट ऑफ कळतो, पगार ठाऊक असतो आणि त्या वाटेने गेलेलं माणूस गल्लीत राहतं. नीटचंही तसंच. आत शिरायचं दार कुठे आहे आणि आत काय आहे, हे मुलांना उघड दिसतं अशी कामाची ही दोनच क्षेत्रं. बाकीच्या सगळ्या कामांना यातलं काही नाही. विमा कंपनीत सर्व्हेअर कोण होतो? धान्याच्या गोदामाचा व्यवस्थापक कसा नेमतात? दूध संघाच्या प्रयोगशाळेत कोण बसतं, त्याला किती मिळतात? याची जाहिरात अभ्यासिकेच्या भिंतीवर लागत नाही. मुलं शे-दोनशेंत एक जागेच्या मागे धावतात, कारण तीच जागा त्यांना दिसते. तेव्हा मार्गदर्शनाचं काम मुलांना भरतीपासून परावृत्त करणं नाही. इतर कामं भरतीइतकी स्पष्ट दिसतील असं करणं, हे ते काम.

दिसणारी वाटही फसवू शकते, हे या भागाला नव्याने सांगायला नको. दोन हजारच्या दशकात डीएडची लाट आली होती. बारावीनंतर दोन वर्षं, मग जिल्हा परिषदेची शाळा, पक्की नोकरी. मुलींसाठी तर घरच्यांनी आधीच ठरवून टाकलेलं. गावोगाव अध्यापक विद्यालयं निघाली. मग भरती थांबली. २०१३ मध्ये शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) आली, २०१७ मध्ये अभियोग्यता चाचणी आली, पुढची चाचणी थेट २०२३ मध्ये. दरम्यान हजारो डीएडधारक वय ओलांडत गेले. विद्यालयंही एकामागून एक बंद पडली. कुठल्या पेशात पुढच्या दहा वर्षांत जागा निघतील आणि कुठल्यात नाही, याचा साधा अंदाज त्यांना प्रवेशाच्या वेळी कुणी दिला नाही. प्रवेश देणारी संस्था तो अंदाज देणार नव्हतीच, फी तिलाच मिळत होती. आज नव्या नावांच्या पदविकांचे फ्लेक्स पाहताना हे आठवलं तर बरं.

आसपास काय आहे ते बघू. उदगीर हे तालुक्याचं गाव. तिथं पशुवैद्यक महाविद्यालय आहे, दुग्धतंत्रज्ञानाचं महाविद्यालय आहे आणि मत्स्यविज्ञानाचंही आहे. तिन्ही एका गावात असण्याचं भाग्य राज्यात फार थोड्या ठिकाणांना. पशुवैद्यकाला नीटच्याच गुणांवर प्रवेश मिळतो आणि इतर दोहोंचा रस्ता सीईटीतून जातो. एमबीबीएस हुकलं म्हणून दुसऱ्यांदा रिपीट करणाऱ्या किती मुलांना शेजारच्या उदगीरची ही दारं कुणी समजावून सांगितली असतील? लातूरला कृषी महाविद्यालय आहे, पुरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतन आहे. नांदेडला १९८१ पासूनचं श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, रेल्वेचं विभागीय कार्यालय आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. एका मोठ्या रुग्णालयाला डॉक्टरांपेक्षा कितीतरी जास्त परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, क्ष-किरण तंत्रज्ञ, औषधनिर्माते आणि नोंदी ठेवणारे लागतात, पण फ्लेक्सवर फोटो त्यांचा येत नाही. लातूरच्या रेल्वे डबे कारखान्याची पायाभरणी मार्च २०१८ मध्ये झाली, डिसेंबर २०२० मध्ये पहिल्या डब्याचा सांगाडा बाहेर पडला, २०२३ मध्ये वंदे भारतच्या शयनयान गाड्यांचा करार झाला. प्रत्येक टप्प्यावर 'स्थानिकांना रोजगार' असे मथळे आले. तिथं वेल्डर लागेल की गुणवत्ता तपासनीस, कुठला कोर्स कुठे करायचा, हे मथळ्याखाली शोधूनही सापडत नाही. देगलूरच्या मुलाला तर पुण्यापेक्षा हैदराबाद निम्म्याहून कमी अंतरावर. गावातली मजुरी करणारी माणसं पिढ्यान् पिढ्या तिकडे जातात; पदवीधर मात्र पुण्याचीच गाडी धरतो, कारण रूम तिथल्या मित्राची असते.

सगळ्यात जवळचं उदाहरण लातूरच्या आडत बाजाराचं. सोयाबीन आणि तुरीचा भाव इथं निघाला की आसपासच्या जिल्ह्यांचे शेतकरी कान टवकारतात. डाळमिलं आणि तेलाचे कारखाने या बाजारावर उभे आहेत. शहरातल्या बीकॉमच्या वर्गातून तिथं पोचायला रिक्षाने फार वेळ लागत नाही. सकाळी सौदा कसा निघतो, ओलाव्याचं यंत्र काय दाखवतं आणि त्यावरून क्विंटलमागे भाव किती तुटतो, आडत्याची पट्टी कशी लिहितात, हमाली-तोलाई कुठल्या रकान्यात जाते, माल गोदामात ठेवून पावतीवर कर्ज कसं उचलतात: हे एका हंगामात पाहिलेलं पोरगं हिशेबनीस होईल, गोदाम व्यवस्थापक होईल, शेतमालाची प्रतवारी करणारा होईल, शेतकरी उत्पादक कंपनीत जाईल किंवा स्वतःचा व्यापार करील. निदान आपल्याला हे आवडत नाही एवढं तरी त्याला कळेल, आणि तेही मोलाचं आहे. प्रत्यक्षात घरचं सोयाबीन विकायला बापाबरोबर दहा वेळा बाजारात आलेली पोरंही तिसऱ्या वर्षाच्या पुस्तकात 'वस्तू बाजार' हे प्रकरण गाईडमधून पाठ करतात. पुस्तक आणि बाजार यांची गाठ कुणी घालून दिलेली नसते.

ती गाठ घालण्याची सोय आता सरकारी धोरणातच झाली आहे, हे या आढाव्यातलं सगळ्यात आशेचं कलम. नवं शैक्षणिक धोरण २०२४-२५ पासून राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत आलं. त्यात कौशल्याचे विषय आले, क्षेत्र प्रकल्प आला आणि ऑन जॉब ट्रेनिंग (ओजेटी) आलं: चार श्रेयांक, म्हणजे साधारण १२० तास प्रत्यक्ष कामाच्या जागी. मराठवाड्यातल्या बीएच्या मुलाला पदवीचा भाग म्हणून कामावर पाठवा असं विद्यापीठाच्या कागदाने आजवर कधी सांगितलं नव्हतं. पण तालुक्याच्या गावात पाचशे मुलांना पाठवायचं कुठे? तिथं उद्योग नाहीत ही प्राध्यापकांची तक्रार खरी आहे. त्यामुळे पळवाटही तयार झाली. ओळखीच्या झेरॉक्स सेंटरचा किंवा कॉम्प्युटर क्लासचा शिक्का, छापील प्रमाणपत्र, १२० तास पूर्ण. मुलगा एकही दिवस गेलेला नसतो. ही पळवाट वेळीच बुजवली नाही तर ओजेटीचीही जर्नलसारखीच गत होईल, वरच्या वर्गातल्या मुलाचं उतरवून काढायची.

सरकारच्याच दुसऱ्या योजनेने काय होऊ शकतं ते दाखवलं. जुलै २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावी पासला महिना ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन. आधी सहा महिने, नंतर मुदत अकरा महिने झाली. ग्रामपंचायतीपासून बँकेपर्यंत हजारो मुलं टेबलाशी बसली. मुदत संपल्यावर 'आम्हाला कायम करा' अशी आंदोलनं झाली आणि टीका करणाऱ्यांनी हात झटकले. माझ्या मते चूक मुलांची नव्हती. अकरा महिने कामावर ठेवून, इथून पुढे या अनुभवावर कुठे जाता येतं, हे त्यांच्याशी बसून बोलणारं कुणी योजनेत ठेवलंच नव्हतं. काम दिलं, विद्यावेतन दिलं, बोलणं राहून गेलं.

बोलणं किती परिणाम करतं याचा पुरावा परदेशात आहे. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने आपल्या कम्युनिटी कॉलेजांत २००७ मध्ये 'असॅप' नावाचा कार्यक्रम सुरू केला. त्यात तीन-चार गोष्टी एकत्र केल्या: उरलेली फी भरली, प्रवासाचा मोफत पास दिला, ठरल्या वेळी करिअरवर बोलणं सक्तीचं केलं आणि मुख्य म्हणजे एका सल्लागाराकडे ६० ते ८० विद्यार्थीच दिले. एरवी तिथं एका सल्लागाराच्या वाट्याला सहाशेपासून दीड हजारापर्यंत मुलं येत. गट पाडून केलेल्या अभ्यासात तीन वर्षांत पदविका पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण २२ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेलेलं दिसलं. पैसा तिथला, अडचणी तिथल्या, हे मान्य. पण आपल्याकडेही मेंटॉर-मेंटी नावाची यादी नॅकसाठी दरवर्षी तयार होते. एका प्राध्यापकाकडे वीस-पंचवीस मुलं कागदावर असतातच. त्या यादीतल्या मुलाशी सत्रात दोनदा पंधरा-पंधरा मिनिटं बोलायला नवं अनुदान लागत नाही. घरी किती जमीन आहे, घरचे किती वर्षं थांबू शकतात, पोरीचं लग्न कधी ठरवायला निघालेत, भरतीला किती अटेम्प्ट द्यायचे आणि ते संपल्यावर काय, हे प्रश्न सभागृहात विचारता येत नाहीत. समोरासमोरच विचारावे लागतात.

मुलींचं वेगळं सांगायला हवं, कारण त्यांच्या निवडीला घड्याळ लावलेलं असतं. २०२४ च्या जुलैमध्ये सरकारने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी शंभर टक्के माफ केली. मोठी गोष्ट आहे. पण ती घ्यायची तर मुलीने बारावीला योग्य सीईटी दिलेली हवी, कॅप राऊंडमधून प्रवेश हवा, दाखले वेळेत हवेत. गावातल्या कनिष्ठ महाविद्यालयात हे डिसेंबरच्या आत कुणी सांगितलं नाही, तर जूनमध्ये ती बीएच्याच रांगेत दिसते, आणि 'तिला हेच आवडतं' असं घरचे म्हणतात. किनवटच्या आदिवासी पाड्यांवरून येणाऱ्या मुलींना तर वसतिगृह मिळालं नाही की प्रश्नच मिटतो. आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय किनवटलाच आहे. महाविद्यालय आणि त्या कार्यालयाने प्रवेशाच्या आधी एकत्र बसून यादी केली तरी निम्मं काम होईल.

तेव्हा माझा निष्कर्ष असा: नांदेड-लातूरला आणखी चाचण्या, आणखी पोर्टलं, आणखी व्याख्यानं नकोत. तालुक्यातल्या पन्नास कामांची भरतीसारखी जाहिरात हवी. काम काय, आत जायला काय लागतं, पहिल्या वर्षी हातात किती येतात, पाच वर्षांनी किती, आणि हे काम करणाऱ्या, बोलायला तयार असलेल्या माणसाशी गाठ कशी पडेल. ही यादी महाविद्यालयाच्या वाणिज्य आणि अर्थशास्त्र विभागाने मुलांकडूनच, क्षेत्र प्रकल्प म्हणून, करून घ्यावी आणि दरवर्षी दुरुस्त करावी. ती ग्रंथालयात लागावी आणि गावातल्या अभ्यासिकेच्या भिंतीवरही.

आणि एक विनंती महाविद्यालयाबाहेरच्या वाचकांना. आपण आडत दुकान चालवत असाल, डाळमिल, रुग्णालय, सीएचं कार्यालय, छापखाना, नर्सरी, ट्रॅक्टरची एजन्सी, काहीही. जवळच्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांना पत्र लिहून कळवा की ओजेटीसाठी दरवर्षी दोन मुलं आम्ही घेऊ, त्यांना खरं काम देऊ, आणि १२० तास भरले नाहीत तर शिक्का मारणार नाही.